साडेपाच इंच उंच गाडीची हकिकत

ती. दादास,

धाकट्याचा वाकून (म्हणजे कंबर जेवढं वाकू देते तेवढं वाकून) नमस्कार. वहिनींनाही नमस्कार, आणि त्यांच्या गुडघेदुखीला आमच्याकडून दटावणी. इकडे सगळे ठीक आहेत. ‘ठीक’ हा शब्द विचार करून लिहिला आहे. आधी ‘उत्तम’ लिहिलं होतं, पण हिने तो कागद वाचला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं, म्हणून हा दुसरा कागद घेतला. बाबांची भूक बरी आहे, झोप नव्हती, ती आता जरा आहे. तुझा फोन दर रविवारी येतो, पण तो बाबांच्या हातात असतो आणि तुझी खुशाली ते आम्हाला सांगत नाहीत, स्वतःपाशीच ठेवतात. म्हणून हे पत्र. लांबण लागणार आहे, तेव्हा चष्मा शोधून निवांत बस.

वरच्या व्हॉल्व्हचं प्रकरण तुला अर्धंमुर्धं माहीत असेल. ज्या पंपहाऊसवर बाबांनी चौतीस वर्षं काढली ते बंद पडून चौदा वर्षं झाली, नवी पाइपलाइन दुसऱ्याच डोंगरावरून आली, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. गेल्या वर्षापासून बाबांना ठाऊक नाही. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, वरचा व्हॉल्व्ह बंद केलास का. हो म्हटलं तर, स्वतः पाहिलास का. पाहिला म्हटलं तर, कोणत्या हाताने फिरवलास. (इथे मी दर वेळी फसतो. डावा म्हणावं तरी चूक, उजवा म्हणावं तरी चूक. तो म्हणे दोन्ही हातांनी फिरवायचा असतो.) व्हॉल्व्ह उघडा राहिला तर खालच्या वस्तीतली चाळीस घरं पाण्यात जातील आणि माणसं मरतील, असं त्यांच्या मनाने घेतलं आहे. भर दुपारीसुद्धा पायात बूट चढवून पलंगावर बसतात, निघायला उशीर नको म्हणून. डॉक्टर म्हणाले, समजावत बसू नका, छातीला असला घोर झेपायचा नाही, जमलं तर एकदा नेऊन दाखवा. डॉक्टरांचं काय जातं? त्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही.

रस्ता असा आता नाहीच. दोन ठिकाणी दरड, मध्ये ओढा आणि उरलेल्या जागेत डोक्याएवढाले धोंडे. तरी माझा माझ्या गाडीवर भारी भरवसा. कामगारांच्या गणवेशांचे गठ्ठे पोचवायला घेतलेली ती गाडी तू पाहिली आहेस, दोन रांगांची केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर. (कुणी विजारीचं माप द्यायला दुकानात आला तरी आधी त्याला गाडीचं कौतुक ऐकावं लागतं, मग टेप निघते.) तर गेल्या महिन्यात बाबांना घेऊन निघालो. बाबा स्वतःच्या पायांनी गाडीत चढले, एवढं लक्षात ठेव. ओढ्याच्या अलीकडेच गाडीचं पोट एका धोंड्यावर बसलं आणि चाकं नुसती जागच्या जागी फिरायला लागली. एका ट्रॅक्टरवाल्याने मागे ओढून काढलं.  बाबा घरी येऊन बुटांसकट पलंगावर बसले आणि हिला म्हणाले, थोरला असता तर पोचवलं असतं. मी तिथेच उभा होतो.

मग मी चंग बांधला. आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींना सगळे ‘बघू’ म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी ते बघू म्हणतात. ते गाडीखाली सरपटत गेले, आणि बाहेर येऊन म्हणाले की पोट वर घ्यावं लागेल. स्प्रिंगा आणि शॉक बदलून चार इंच, शिवाय टायर तीन इंचांनी मोठे. मी म्हटलं, सात इंच झाले. ते म्हणाले, साडेपाच. टायर तीन इंचांनी वाढला तरी अर्धा वाढतो आसाच्या वर आणि अर्धा खाली, गाडी उचलली जाते ती दीडच इंच. दादा, तीस वर्षं माणसांचे घेर मोजून पोट भरतो आहे मी, आणि चाकाचं साधं माप मला मिस्त्रींनी शिकवलं. शिवाय त्यांनी बजावलं की एक गोष्ट उंच केली की तिच्यापायी दहा गोष्टी बघाव्या लागतात. खरं तर हे शिंप्याला सांगायला नको. बाही वाढवली की काख ओढते. पण त्या वेळी मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

पुढे मिस्त्री म्हणाले तसंच झालं. ब्रेकच्या नळ्या आखूड पडल्या, त्या लांब घातल्या. वेग घेतला की खालून सगळी गाडी थरथरायला लागली, त्यासाठी दोन दिवस गेले. मग वळण घेताना पुढचे टायर मडगार्डला घासू लागले. मडगार्ड कापायला हवं, असं ठरलं. कुठून कापायचं याची रेघ मी मारतो म्हटलं, हातात खडू असला की मी कुणाचं ऐकत नाही. सुबक गोल रेघ मारली, मिस्त्रींनी त्या रेघेबरहुकूम पत्रा कापला, आणि टायर घासायचा तो घासतच राहिला. पाहतो तो काय, सवयीने मी शिवणीसाठी अर्धा इंच जास्त सोडला होता. (मिस्त्रींनी ही गोष्ट गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली आहे. तू तिकडे कुणाला सांगू नकोस.)

गाडी घरी आणली त्या दिवशी पोर्चचा पत्रा गेला. आता तू म्हणशील, माप घ्यायचं होतंस. चार वेळा घेतलं होतं. पण घेतलं ते हौद्यात गठ्ठे भरलेले असताना, आणि नव्या स्प्रिंगांची गाडी रिकामी झाली की आणखी दोन इंच वर उठते. आता गाडी रस्त्यावर उभी असते आणि पोर्चमध्ये कपडे वाळत घालतो. एक गोष्ट मात्र बरी झाली. टायर मोठे झाल्यापासून काटा वेग कमी दाखवतो, मी साठने जात असलो तरी तो चोपन्न म्हणतो, त्यामुळे लग्नानंतर प्रथमच ही माझ्या गाडी चालवण्यावर खूश आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि सांगताना लाज वाटते. मी पोर्च मोजला, टायर मोजला, ओढ्यातले धोंडे काठीने मोजून आलो. बाबांचा पाय मोजला नाही. त्यांची विजार मी शिवतो, दादा. आतली लांबी सत्तावीस, ती मला झोपेतही सांगता येईल. त्यांच्या विजारीला गुडघ्यापाशी चुणी पडत नाही, म्हणजे गुडघा वाकत नाही, हेही माझ्या हाताला माहीत आहे. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गाडीच्या दाराशी उभे राहून छातीएवढ्या उंचीच्या सीटकडे पाहत होते. मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, कटिंगच्या टेबलापाशी असतो तो बाक आणला, मिस्त्रींनी दाराखाली लोखंडी पायरी जोडून दिली. पायरीवर एक पाय ठेवला जायचा, दुसरा जमिनीवरून सुटायचा नाही. शेवटी मी म्हटलं, मी उचलून बसवतो. बाबा म्हणाले, “तुला सुईत दोरा ओवताना धाप लागते. थोरला येऊ दे.”

यात त्यांची चूक नाही. पंपहाऊसच्या जिन्यावरून पडून पाय मोडला तेव्हा तू त्यांना पाठीवर घेऊन सगळा घाट उतरलास. मी मागून त्यांचे बूट घेऊन येत होतो. तेव्हापासून या घरात ओझं तुझं आणि बूट माझे, अशी वाटणी होऊन गेली आहे, आणि बाबा बाकी सगळं विसरले तरी ती वाटणी विसरलेले नाहीत. नऊ दिवस ते गाडीशेजारी खुर्ची टाकून बसत होते, मांडीवर पिशवी, पिशवीत पाना आणि ग्रीसचा डबा. येणारेजाणारे विचारायचे, काय चाललंय. ते सांगायचे, थोरल्याची वाट पाहतोय. मी दुकानाच्या खिडकीतून हे बघायचो आणि काजं चुकवायचो.

तर काल, मंगळवारी, बाबा गाडीत चढले. कसे चढले ते सांगत बसत नाही, चढले एवढं पुरे. ओढ्याअलीकडचा तो धोंडा पोटाखालून अलगद गेला, कळलंसुद्धा नाही. दोन्ही दरडी पार केल्या. बाबा वाटभर बोलत होते, इतकं ते वर्षभरात बोलले नसतील. पंपहाऊसला दार उरलेलं नाही, छपराचा एक कोपरा गेला आहे, मोटार कुणी कधी नेली कोण जाणे, पण व्हॉल्व्ह आहे. गंजून लाल झालेलं ते मोठं चाक बाबांनी दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा जोर लावला. ते तसूभरही हललं नाही. बाबा म्हणाले, बंद आहे. मग मला म्हणाले, तूही बघ. मीही दोन्ही हातांनी पाहिलं, बंद होतं. त्यांनी डबा उघडून चाकाच्या आसाला ग्रीस लावलं, हात पुसले, उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, सुटलो. मी बाहेर जाऊन उगाच टायर तपासले. आज सकाळी ते उठले, चहा प्याले, व्हॉल्व्हचं नाव काढलं नाही. बूट पलंगाखाली आहेत.

असं सगळं छान पार पडलं. गाडी झकास झाली आहे, कुठलाही डोंगर सांग. तू आमची काळजी करू नकोस, स्वतःला जप, वहिनींना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडी झकास झाली आहे ते खोटं आहे. वळताना अजून घासते, आणि गठ्ठे चढवताना माझ्या कमरेची वाट लागते. पुढच्या आठवड्यात पुन्हा होती तशी खाली करून घेणार आहे. मिस्त्री बघू म्हणाले आहेत.

आणखी एक ता. क. हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, चार पानं झाली तरी हात धजला नाही. काल सकाळी थंडी होती म्हणून मी तुझं जुनं तपकिरी जाकीट घालून बाहेर गेलो. बाबांनी खुर्चीतून वर पाहिलं आणि म्हणाले, आलास? फार उशीर केलास. मी तुझ्या आवाजात, जमेल तेवढा घसा दाबून, म्हटलं, आलो बाबा. त्यांनी दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. मी उचललं. सदऱ्याचं माप चाळीसवरून चौतीसवर आलेलं मीच टेपने पाहिलं होतं, तरी ते इतके हलके झालेत हे मला कालच कळलं. वाटभर ते बोलत होते ते तुझ्याशी. येताना तीनदा विचारलं, धाकटा का नाही आला? मी गाडी चालवत राहिलो. दुकान सोडवत नसेल त्याला, असं शेवटी त्यांनीच म्हटलं आणि झोपले.

हे पत्र शनिवारपर्यंत तुला मिळेल. रविवारी बाबा फोनवर म्हणतील, बरं झालं तू आलास आणि नेलंस. मी कुठे आलो होतो, असं म्हणू नकोस दादा. हो म्हण. मला त्याचं वाईट वाटणार नाही, म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघेन. मग ते धाकट्याचं विचारतील. तेव्हा सांग की तो आला होता, मागच्या सीटवर बसला होता. मी सांगून त्यांना पटायचं नाही. तू सांगितलंस तर पटेल.