अण्णांचा गळा

दम्माम, रविवार

ती. स्व. अनुराधाआत्या हिस, हेमचंद्रचा समुद्रापलीकडून, पण अगदी कमरेत वाकून नमस्कार.

तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि शेजारणीशी चाललेलं पाण्याच्या टाकीचं भांडण, ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे. निवेदिता दहावीला आली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि इंग्रजीत विचारलं की खांदे उडवते. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, यंदाही वेळेवर झाला. उन्हाचं सांगून तुला खरं वाटणार नाही, म्हणून सांगत नाही.

शुक्रवारच्या कार्यक्रमातला माझ्या गाण्याचा व्हिडिओ पाहून तू साडेचार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवलास आणि त्यातली दोन मिनिटं नुसती रडलीस. 'अण्णांचा गळा अखेर तुझ्यात उतरला' हे तुझं वाक्य मी तीनदा ऐकलं. हे पत्र त्या गळ्याबद्दलच आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. (रागावायचं असेल तर पूर्ण वाचून रागाव. तोवर रक्तदाबाची गोळी घेऊन ठेव.)

झालं असं की, आमच्या मराठी मंडळाच्या मीनाक्षीताईंनी जुन्या नाट्यपदांचा कार्यक्रम ठरवला आणि मी बैठकीत ते बोललो, जे आपल्या घरातल्या माणसाला कुठेही बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणजे माझे पणजोबा, तुझे आजोबा, आनंदविलास संगीत मंडळीत नायिका करायचे. नायिका स्वतःच्याच सासूचं सोंग घेते त्या हसवणाऱ्या नाटकात एकाच पदाला त्यांनी सात वन्समोअर घेतले. आणि ऐन भरात, सत्ताविसाव्या वर्षी, विरक्ती येऊन रंगभूमी सोडली. झालं! ते पद आणि नऊवारी शालू मीनाक्षीताईंनी माझ्याच गळ्यात घातला. मिशी काढावी लागली. (अण्णांच्या काळी पुरुषाने नायिका होणं ही रीतच होती. आता नाही, हे निवेदिताने मला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं.) पद तू लहानपणी शिकवलेलं पाठ होतंच. पहिल्या तालमीत दोन ओळी झाल्यावर मीनाक्षीताईंनी पेटीवरून हात काढला आणि माझी तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. गळा उतरायला वेळ लागतो, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाण्याऐवजी पडद्याचं कापड आणायला पाठवलं.

इथल्या जुन्या बाजारात हुसेनमियाँ म्हणून एक गृहस्थ ताडपत्री आणि जाड कापड विकतात. मूळचे रत्नागिरीकडचे, दम्मामात चाळीस वर्षं काढलेली. कापड मोजता मोजता ते काहीतरी गुणगुणत होते आणि ते मला उगीच ओळखीचं वाटत होतं. मी सवयीने अण्णांची कथा सुरू केली. कंपनीचं नाव कानावर पडताच त्यांच्या हातातली टेप थांबली. "आनंदविलास? म्हंजे तो शालूतला अण्णा? अहो, तो गायाचा नाय! नुसता तोंड उघडायचा." एवढं बोलले आणि अजान झाली. "नमाज करून येतो, मग सांगतो" म्हणत त्यांनी मला बाहेर काढून शटर ओढलं. आत्या, पंचवीस मिनिटं मी त्या बंद शटरसमोर शेहेचाळीस अंशांत उभा होतो. आपल्या सबंध घराण्याची अब्रू आत कापडाच्या गठ्ठ्यांत अडकलेली आणि विचारायला बाहेर एक मांजर! मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, राग आलाच नाही. पुढे काय, एवढंच डोक्यात घोळत होतं.

पुढचं त्यांनी दुकानात सांगितलंच नाही. घरी बोलावलं. त्यांच्या पत्नी खतीजाभाभींनी सांदणं केली होती (मी सहा खाल्ली, गांभीर्याने खाल्ली) आणि मग कापडात बांधलेली एक वही माझ्यासमोर ठेवली. हुसेनमियाँचे पणजोबा इसाकमियाँ आनंदविलासमध्ये सारंगी वाजवायचे. अण्णांचा आवाज सोळाव्या वर्षी फुटला आणि तो ऐन दौऱ्यात. गावोगाव हँडबिलं वाटून झालेली, तिकिटं खपलेली, आणि नायिकेच्या तोंडून बैलगाडीच्या चाकासारखा आवाज! मालकाने इसाकमियाँना विंगेत बसवलं, कारण त्यांचा गळा सारंगीइतकाच बारीक होता. त्या रात्रीपासून अकरा वर्षं इसाकमियाँ गायले आणि अण्णांनी ओठ हलवले. कुणाला पत्ता लागला नाही.

ही थाप म्हणून सोडून द्यावी असं मलाही वाटलं होतं, पण वही तसं करू देत नाही. पदाच्या प्रत्येक ओळीखाली इसाकमियाँनी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: 'येथे अण्णा पदर डोळ्यांस लावील, मी दम घेईन.' 'येथे अण्णा हसेल, मला हसू येऊ नये.' आणि शेवटच्या मोठ्या तानेखाली: 'येथे अण्णा पाठ फिरवील, ओठ जुळत नाहीत.' आत्या, जरा बैस. तानेला प्रेक्षकांकडे पाठ फिरवायची ही आपल्या घराण्याची खास अदा म्हणून तू मला छडी मारून शिकवलीस! आप्पाकाका अशीच पाठ फिरवून गायचे. तू स्वतः चुलतबहिणीच्या लग्नात तानेला वळलीस आणि होमात पदर गेला. शंभर वर्षं आपण सगळे, ओठ जुळत नाहीत म्हणून, पाठ फिरवत आलो.

इथवर वाचून तू पत्र चुलीत घालायच्या बेतात असशील. थांब. शेवटचं पान राहिलं. इसाकमियाँच्या छातीत दुखणं आलं आणि ते गावी परतले. त्यानंतरची नोंद मी जशीच्या तशी उतरवतो: 'अण्णा बोटीने आला. आठ दिवस राहिला. मालक दुसरा गाणारा देतो म्हणतात, तर हा नको म्हणतो. तुझ्याशिवाय तोंड उघडणार नाही म्हणतो. वेडा आहे. फार रडलो.' खाली तारीख आहे. अण्णांना विरक्ती आली ते हेच साल. तूच सांगायचीस की आजोबा घरी कधी गुणगुणले सुद्धा नाहीत, गळा देवासाठी राखला होता म्हणे. कुणासाठी राखला होता ते मला आता कळलं. आपल्या घरात गळा नव्हता, आत्या. माणूस मात्र होता, आणि मला वाटतं तो जास्त मोठा होता.

मीनाक्षीताईंना नमस्कार कळवतो, तुझा म्हणून. औषधं वेळेवर घे. टाकीच्या भांडणात एखादवेळी हरून बघ.

तुझा आज्ञाधारक (आजपर्यंत),
हेमचंद्र

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुझ्या देवघराबाहेर अण्णांचा शालूतला फोटो आहे, त्याच्या उजव्या कडेला पुठ्ठ्याच्या चौकटीखालून एक काठीचं टोक डोकावतं. मालकाची छडी, असं तू सांगायचीस. मला लहानपणी तो साप वाटायचा. वहीत नोंद आहे, 'आज अण्णाबरोबर फोटो काढविला.' ती काठी नसून सारंगी वाजवायचा गज असावा. हुसेनमियाँच्या घरात इसाकमियाँचं एकही चित्र नाही. त्यांचा चेहरा कसा होता हे त्यांच्या कुटुंबात आज कुणालाही माहीत नाही. फोटो अण्णांच्या माघारी फ्रेम केलेला आहे, तेव्हा दोष त्यांचा नाही. कुणाला तरी बोलावून, तुझ्या देखरेखीखाली, मागचे खिळे काढ आणि पुठ्ठ्याखाली कोण आहे ते बघ. हुसेनमियाँ रोज विचारत नाहीत. रोज नुसतं माझ्याकडे बघतात.

ता. क. २. व्हिडिओत पडद्याखाली दोन पाय दिसतात ते कुणाचे, असं तू विचारलं होतंस आणि मी दिवेवाल्याचे म्हणालो होतो. ते हुसेनमियाँचे आहेत. त्यांच्या घरात ते पद पोरांना निजवायला गातात. मी ओठ हलवले आणि तानेला पाठ फिरवली. तीन वन्समोअर मिळाले. तू ज्या आवाजाला रडलीस तो इसाकमियाँचाच म्हण, म्हणजे रडणं वाया गेलं नाही.

ता. क. ३. तिसऱ्या वन्समोअरला मी पडदा बाजूला केला आणि त्यांना हाताला धरून पुढे आणलं. तो भाग मी व्हिडिओतून कापला होता, तुला कळू नये म्हणून. आज अख्खा पाठवतोय. सोबत आमचा दोघांचा फोटोही आहे. फ्रेम करणार असशील तर पुठ्ठा जरा मोठा कापायला सांग.