बिळांची मोजणी

४ मार्च १९६२, रविवार

रिटायर होऊन गावात आल्याला आज सात महिने झाले. आज पहिल्यांदा गावाने अक्कल दाखवली. ग्रामपंचायतीने 'जमीन व निसर्गसंपत्ती रक्षण समिती' नेमली आणि अध्यक्ष मला केले. सरपंच भाई म्हणाले, तात्यानू, तुमका येळ आसा, तुमीच घेवा. वेळ आहे म्हणून नव्हे, लायकी आहे म्हणून. पण तोंडावर कोण कबूल करणार? मुंबईला गोदीच्या ऑफिसात एकतीस वर्षे काढली, त्यातली नऊ हेडक्लार्क. मी नुसता खोकलो तरी बारा माणसे सरळ बसायची.

समितीत तिघे. मी, भाई आणि बाबली. बाबलीला कशाला घेतला देव जाणे. म्हणे खाडीचा बांध त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या. बांधात पाणी सोडायची उघाडी आहे, तिची फळी भरतीला पाडायची आणि ओहोटीला उचलायची, यात कसले आले शास्त्र? एवढ्यासाठी नारळी पौर्णिमेला खाडीत पहिला नारळ घालायचा मान त्याचा. शाळेत माझ्या मागे बसून माझ्या पाटीवरचे बघून लिहायचा. तो मानकरी आणि मी गर्दीत.

निश्चय : (१) रोज सकाळी सहाला बांधाची तपासणी. (२) कुणाचीही भीड ठेवायची नाही. (३) यंदाचा पहिला नारळ अध्यक्षांच्या हातून.

५ मार्च, सोमवार

साडेसातला उठलो. नर्मदेने हाक मारली नाही. सौभाग्यवतीच असहकार करते, तर गावाचे काय बोलावे.

तरी गेलो. बांधाच्या एका अंगाला खारी खाडी, दुसऱ्या अंगाला अकरा घरांची भातजमीन. आमचे दोन कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, त्यातच. आणि पहिल्याच दिवशी गुन्हेगार सापडला. काशीबाई. विधवा बाई, वय साठीचे, पण हातात लोखंडी आकडी. बांधाच्या पोटात आकडी घालून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, काढत होती. उघड उघड बांध पोखरत होती. आणि कुर्ली काढून झाली की त्या बिळात ओला चिखल कोंबून वर टाचेने दाबत होती. पुरावा नष्ट. किती बेमालूम. मी एकतीस वर्षांत गोदीतले चोर पाहिले, पण ही सफाई नाही पाहिली.

उघडी बिळे मोजली. १९. एवढ्या लांब बांधावर फक्त एकोणीस कुर्ल्या उरल्या. निसर्गसंपत्तीचा हा ऱ्हास. वहीत नोंद केली.

११ मार्च, रविवार

शाळेच्या पडवीत पहिली मीटिंग. रेझोल्यूशन माझे : बांधावर कुर्ली पकडण्यास, बिळास हात लावण्यास सक्त मनाई.

बाबलीने कटकट केली. म्हणाला, बांध काशी पोखरना नाय, कुर्ली पोखरता. आमच्या आज्यापणज्यापासून रीत आसा, जेणां कुर्ली काढली तेणां बीळ बुजवूचा. बायको-पोरांनी कुर्ल्यो खाल्ल्यो म्हणान बांध रवलो. मी म्हटले, पॉइंट ऑफ ऑर्डर. रीत म्हणजे कायदा नव्हे. भाई म्हणाले, तुमका बरा दिसता तर करा, आणि तंबाखू मळत बसले. ठराव एकमताने मंजूर. बाबलीचे मत मायन्यूट्समध्ये घेतले नाही, कारण ते मालवणीत होते.

शिक्षेचे कलम मीच ड्राफ्ट केले. 'बांधास अपाय करणाऱ्या कोणाही इसमाने बांध सुधारेपर्यंत रोज बांधावर चिखलकाम करावे.' 'कोणाही' हा शब्द मुद्दाम घातला. लूपहोल ठेवायचे नाही.

२२ मार्च, गुरुवार

शिमगा. हलकट गाव. सोंगे नाचवत आले त्यात एकाने माझे सोंग आणले. काळा कोट, चष्मा, बगलेत छत्री. माझ्याच अंगणात ओणवा होऊन जमिनीला कान लावून मोजायला लागला, एक कुर्ली, दोन कुर्ल्यो, ही गरवार आसा, हिका रजा देवा. सगळी वाडी हसत होती. बाबली हसला नाही, पण ते मुद्दाम.

नर्मदा पदर तोंडात कोंबून हसत होती. रात्री जेवताना मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आले नाही.

१४ एप्रिल, शनिवार

मोजणी : ५७ बिळे. एका महिन्यात तिप्पट. याला म्हणतात कन्झर्वेशन. गोदीतले साहेब बघायला हवे होते.

दुपारी काशीबाई दारात. आत बोलावली नाही. म्हणाली, तात्यानू, माझो एकच कुणगो, तो पण बांधाक लागून. तेच्यावर माझा वर्साचा भात. माका कुर्लेची हाव नाय, पण बिळां बुजवक देवा, पावसात बांध जायत. मी सांगितले, एकीला सवलत दिली की अकरा घरे मागतील. नियम सगळ्यांना सारखा. म्हणाली, नियमाक खारा पाणी कळता काय? असले उद्धट प्रश्न मी रेकॉर्डवर घेत नाही.

ती गेल्यावर नर्मदेने विचारले, की बांध खरेच गेला तर आपले दोन कुणगेही जातील ना. बायकांना टेक्निकल गोष्टी समजावणे कठीण.

ता. क. महिनाभर कुर्लीचे सार नाही जेवणात. त्याग.

६ मे, रविवार

वार्षिक बांधकाम. रीतीप्रमाणे घरटी एक माणूस, खाडीतला चिखल हातोहात बांधावर. मी देखरेखीला, आंब्याच्या सावलीत. डिसिप्लिन शून्य. चिखल टाकायचा सोडून जो तो बिळाकडे बोट दाखवतो. मी दर वेळी ओरडतो, हात लावू नका. वरून चिखल लिंपा, बिळे मोकळी ठेवा.

बाबलीने बोलावून नेले आणि माझ्या हातातली छत्री घेऊन बांधात टोचली. मुठीपर्यंत आत गेली. तो म्हणाला, बघा, पोटात कायच रवला नाय. मी म्हटले, माती भुसभुशीत झाली म्हणजे सुपीक झाली. छत्री मात्र चिखलाने बरबाद. नुकसानभरपाई मागणार होतो, पण मोठ्या मनाने सोडले.

१५ जुलै, रविवार

आठ दिवस तापाने पडून होतो. पाऊस कोसळतोय. लावणी संपली, बांधाच्या आत सगळे हिरवेगार आहे. काशीबाईचा कुणगा सर्वांत चांगला आहे. एकटी बाई कशी करते कळत नाही.

आज मोजणीला गेलो तर तीच सापडली. आकडी नाही, टोपली नाही. आपल्या कुणग्यासमोर बसून नुसती बिळे बुजवत होती. सात बुजवली होती. कुर्ली एकही धरली नव्हती, पण ठरावात 'बिळास हात लावण्यास' असे स्पष्ट आहे. मी तिला चिखल परत काढायला लावला. सातही बिळांतून. हाताने काढला तिने. मला वाटले होते भांडेल. भांडली असती तर बरे झाले असते.

एकूण १९०. गटविकास अधिकाऱ्यांना रिपोर्ट पाठवला : 'समितीच्या अथक परिश्रमाने निसर्गसंपत्तीत दहापट वाढ.' कॉपी स्वतःसाठी ठेवली.

१ ऑगस्ट, बुधवार

मीटिंग. यंदा नारळी पौर्णिमा आणि पंधरा ऑगस्ट एकाच दिवशी. हा योगायोग नव्हे, माझ्यासाठी योग आहे. ठराव : शाळेत झेंडावंदन, मग मिरवणूक बांधावर, पहिला नारळ अध्यक्ष घालतील, खाडीला घालायच्या गाऱ्हाण्याऐवजी अध्यक्षांचे भाषण.

भाई म्हणाले, बाबलीक विचारा. बाबली म्हणाला, नारळ तुमी घाला, माझा कायच म्हणणा नाय, फक्त त्या दिवशी उधाणाची भरती आसा, माणसां बांधार उभी करू नका. मान गेला म्हणून जळतोय. हरलेला माणूस असाच बोलतो.

१५ ऑगस्ट, बुधवार, सकाळी ६

बरोबर सहाला उठलो. नर्मदेने हाक न मारता. कोट इस्त्री. नारळाला सोनेरी बेगड स्वतः लावली, देठाशी लाल सूत बांधले, म्हणजे इतरांच्या नारळांत मिसळायला नको. भाषण सतरा पानी. विषय : 'खाडी आणि राष्ट्र'. आज बाबलीला कळेल हेडक्लार्क म्हणजे काय.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

लिहावे की नाही. लिहितो. घटनाक्रम नोंदवून ठेवला की जबाबदारी निश्चित करता येते.

साडेअकराला बांधावर. पाणी काठोकाठ. नारळ घातला, टाळ्या कमी. भाषण सुरू केले. चौथ्या पानावर बाबलीने हात वर केला. पॉइंट ऑफ ऑर्डर नसल्याने दुर्लक्ष केले. सहाव्या पानावर तो शेताच्या अंगाला खाली उतरला आणि तिथून ओरडला, पाणी गळता, माणसां खाली काढा. लोक मला न विचारता उतरले. मी वाचत राहिलो. बांधाच्या आतल्या अंगाने बिळाबिळांतून पाणी येत होते. बारीक धारा, मग जाड. काशीबाईच्या कुणग्यासमोर सात धारा एकत्र झाल्या.

मग तिथला बांध बसला. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. बाबलीने माझ्या कोटाची कॉलर धरून ओढले, म्हणून मी इथे बसून लिहितो आहे. कॉलर फाटली.

पुरुष गवताचे भारे, फळ्या, चिखल, हाताला लागेल ते टाकत होते. भरती मावळेपर्यंत काही थांबले नाही. अकरा घरांचे भात खाऱ्या पाण्याखाली.

कारणे : (१) पौर्णिमा. (२) गर्दीचे वजन. (३) बाबलीने इशारा नीट अर्ज करून दिला नाही.

१६ ऑगस्ट, गुरुवार

ओहोटीला कुणगे बघायला गेलो. आमच्या दुसऱ्या कुणग्यात, आडव्या पडलेल्या भातात, एक नारळ अडकलेला. सोनेरी बेगड. देठाशी लाल सूत. मी आजूबाजूला बघितले, उचलला आणि कोटाखाली घेतला. पण वर बांधावर काशीबाई उभी होती. तिने बघितले. हसली नाही. मला तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. सबंध गावात शिवीला एवढी चटावलेली तोंडे, आणि माझ्या वाट्याला एक येत नाही.

घरी आलो तर नर्मदा कणगीतले भात पाटीत भरत होती. गेल्या सालचे, आमच्या खाण्याचे. पाटी डोक्यावर घेतली आणि काशीबाईच्या घराकडे गेली. तिने मला विचारले नाही. मीही अडवले नाही. तीन खेपा केल्या. नारळ अजून माझ्या कोटाखाली होता.

१९ ऑगस्ट, रविवार

मीटिंग. सगळी वाडी पडवीत. खारे पाणी बसलेली जमीन दोन पावसाळे तरी धड पिकणार नाही, असे बाबली म्हणाला. आज त्याचे मत मायन्यूट्समध्ये गेले, मालवणीतच. भाईंनी माझीच वही मागितली आणि मोठ्याने वाचली. एकोणीस, सत्तावन, एकशे नव्वद. कुणी हसले नाही. मग भाईंनी शिक्षेचे कलम वाचले. 'कोणाही इसमाने' ह्या शब्दांवर थांबले आणि माझ्याकडे बघितले.

मी तीन कारणे तयार ठेवली होती. उभा राहिलो. पहिल्या रांगेत काशीबाई बसली होती, हात मांडीवर, नखांत चिखल. मला पंधरा जुलैचे आठवले. सात बिळे. चिखल मी काढायला लावला होता, तिच्या हाताने. कारणे खिशातच राहिली. मी म्हटले, चूक माझी. एवढेच. मुंबईच्या एकतीस वर्षांत हे वाक्य मी कधी लिहिले नव्हते, बोललो तर नव्हतोच.

ठराव : अध्यक्षपद रद्द. कलम लागू. देखरेख काशीबाईची. एकमताने. माझा हातही वर होता.

२० ऑगस्ट, सोमवार

सहाला बांधावर. कोट घरी. भगदाड बाबली आणि मंडळी भरताहेत, माझ्याकडे बिळे. कुर्लीने अंगठा धरला, रक्त आले. त्या कुर्लीला मीच वाढवली.

एकतीस बिळे बुजवली. चिखल कोंबायचा, वर टाच द्यायची. काशीबाई माझ्या मागून चालत होती आणि मी दाबलेल्या प्रत्येक बिळावर पुन्हा आपली टाच देत होती. शेवटी विचारले, माझे काय चुकते? म्हणाली, चुकना नाय तात्यानू, तुमची टाच मऊ आसा.

एकतीस मी. एकतीस तिने. बाकी एकशे एकोणसाठ. उद्या सहाला.