बिबड्यांच्या दिवसातले काजवे

नाना,

तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे चढउतार नसेल तर बरंच आहे. आईचा खोकला थांबला का? आणि आजी? तिला आता सगळं ऐकू येत असेल तर तुमची काही धडगत नाही. इकडे मी बरी आहे, साखर जरा वाढलीय. धाकटी ठणठणीत आहे. ती कायमच ठणठणीत असते.

तिच्यापायीच लिहायला बसले. शाळा कायमची सुटल्यावर पुड्यांचे कागद वाचत अक्षर शिकले मी, तेव्हा वेडंवाकडं असेल तर चालवून घ्या.

भुसावळजवळची, दीपनगरची आपली कॉलनी आठवते ना? पॉवर हाऊसच्या उजेडात रात्रीसुद्धा तांदूळ निवडता यायचे. काजवा म्हणजे काय ते आम्हा पोरींना ठाऊकच नव्हतं. त्या उन्हाळ्यात पॉवर हाऊसात तुमच्या पाळीला असलेल्या मित्राने पिंपळनेरच्या पलीकडे, त्याच्या डोंगरातल्या गावी बोलावलं. मी सकाळीच वेणी घालून तयार. नेमका त्याच दिवशी अंगणात बिबड्यांचा, वर्षभराच्या त्या पापडांचा, घाट घातलेला. ज्वारीचा घाटा चुलीवर रटरटतोय आणि आई म्हणते, "मोठी गेली तर थापणार कोण?" तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "तुझ्याइतकं पातळ बिबडं कॉलनीत कोणाला जमतं गं? पुढच्या वर्षी तुला नेतो." आणि धाकटीला खांद्यावर घेऊन निघालात. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. तुमच्या पाळ्या, मग माझं लग्न, मग तुम्हीच गेलात.

धाकटीने मात्र तो काजवा जन्मभर मिरवला. माझ्या लग्नात, माझ्या लेकीच्या बारशाला, जिथे चार बायका जमतील तिथे हिचं सुरू. "अख्खं झाड एकदम लागायचं, एकदम विझायचं. जसं आतून कोणी खटका दाबतंय!" बायका हरखून जायच्या. मी आत जाऊन भांडी आपटायचे.

यंदा माझ्या नातवाची बदली पिंपळनेरजवळ साक्रीला झाली. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. त्याच्या ओळखीच्या घरी, डोंगरात गेलो. अंधार पडला तशी मी सवयीने मोबाईलची बॅटरी लावली. कॉलनीत वाढलेली मी, अंधारात पाय टाकायचा कसा? घरची म्हातारी कडाडली, "ओ बहीण, तो दिवा मालव! त्यासले लाज वाटस." काजव्यांना उजेडाची लाज म्हणे. मालवला. आधी काहीच दिसेना. मग एक, मग चार, आणि मग समोरचं झाड लागलं, विझलं, लागलं. अगदी खटका दाबल्यासारखं. मला रडूच फुटलं, आणि खरं सांगते, पहिला विचार आला तो धाकटीला फोन करायचा.

केला. म्हटलं, "पाहिलं गं बाई मीपण! तू सांगायचीस तस्संच."

ती हसली. "अक्का, मी कुठे पाहिलं? मी तर नानांच्या खांद्यावर झोपून गेले होते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये रडले, तर साक्रीपासून भुसावळपर्यंत नाना तेच सांगत बसले. लागतं कसं, विझतं कसं. ते खटक्याचं त्यांचंच."

फोन ठेवला आणि तिथेच खाटेवर बसले. पाळीवरून आल्यावर तुम्ही कधी चार वाक्यं सलग बोललेले मला आठवत नाहीत, नाना. "जेवलीस का" आणि "झोप आता", एवढंच. आणि तिला सबंध रस्ताभर! इतकी वर्षं मला वाटायचं, तिने काजवे घेतले. ते तर आता मलाही मिळाले. मग पोटात अजून का दुखतंय?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? बिबड्यांच्या डब्यात ठेवते, तुम्ही घरात आल्यावर पहिला हात तिथेच घालायचात. वाचलंत की ते झाड कसं होतं ते मला लिहा. मी पाहिलंय, तरी लिहा, अगदी भुसावळ येईपर्यंत. लवकर पाठवा. आणि माझ्या पत्त्यावर, नाना. धाकटीकडे नको.