केळीचा चीक आणि मधूचा हात

मंगळवार, दिवेलागण

दवाखान्यातल्या चहात साखर नसते, ही तक्रार थेट राष्ट्रपतींकडे न्यावी म्हणतो. दुसरं काही माझ्या हातात उरलेलं नाही.

मधू, माझा धाकटा भाऊ, आत पडलाय. देडतलाईच्या मळ्यात केळीचा घड कापताना कोयता मांडीत घुसला. अंगावर कापणीचे जुने कपडे, केळीच्या चिकाने काळे पडलेले. "दादा, चीकच जास्त आहे, रक्त थोडंच," म्हणाला. मी मानलं. बुऱ्हाणपूरपर्यंत गाडीत त्याचा हात धरून बसलो. हात गार होता.

इथे प्रेशर बरोबर निघालं. नाडी एकशे तीस. मी सिस्टरना म्हणालो, "लहानपणापासून घाबरट आहे तो." मधू हसलासुद्धा.

डॉक्टर हसले नाहीत. "बीपी के भरोसे मत रहो, भाईसाब. रक्त गेलं की हृदय जोरात पळतं, हातापायांच्या नसा आवळतात, उरलेलं रक्त मेंदूला पुरवतात. तोवर आकडा चांगला दिसतो. मग एकदम पडतो."

दहा मिनिटांत आकडा पडला, मधूची शुद्ध गेली.

हात गार होता. तो धरून मला वाटलं काय, तर भीतीने गार पडलाय. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांखालचा खरा माणूस दिसतो म्हणून तोरा मिरवला, आणि भावाच्या पँटवरचं रक्त दिसलं नाही?

मधू अजून शुद्धीवर नाही. रक्तपेढीने दिलेल्या पिशवीच्या बदल्यात एक मागितली होती. कुणाला न सांगता खाली जाऊन देऊन आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "भैया, हो गया, मुट्ठी छोड़ो." रक्त देताना हातात दिलेला चेंडू मी दाबतच होतो.