हल्ली हात काळे होत नाहीत

दि. ९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला म्हणून आधीच कान धरतो. तुझी वहिनी म्हणते, फोन करा. पण फोनवर मी नुसता हॅलो हॅलो करत बसतो आणि बिल मात्र भरतो. समोर बसलेल्या माणसाचं ऐकू येतं, तारेतलं येत नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं.

एक काळजी आहे. दुकानाचा मालक गाळा विकायला काढतोय. बावीस वर्षांचा भाडेकरू म्हणून आधी मला विचारलं, जूनपर्यंत थांबतो म्हणाला. शिल्लक आहे, पण पुरत नाही. नाही जमलं तर मशीन उचलून घरी बसायचं आणि शेजाऱ्यांच्या उशांचे अभ्रे शिवायचे.

आपले विमेवाले परवा पँट आखूड करायला आले होते. त्यांना हल्ली शेअरचा नाद लागलाय. म्हणाले, आता सगळ्या गाड्या बॅटरीवर पळणार आणि प्रत्येक बॅटरीच्या पोटात ग्रॅफाइट असतं, तेव्हा ग्रॅफाइट खणणाऱ्यांचे शेअर घेऊन ठेवा. कंपन्यांची नावं सांगता सांगता त्यांनी तुमच्या कंपनीचं नाव घेतलं. मग काय विचारतेस! माझी बहीण तिथेच दगड तपासते, असं मी इतक्या मोठ्यांदा सांगितलं की रस्त्यावरचे दोघं थांबले. सगळ्यांना चहा पाजला.

जास्त विचारत नाही. कंपनीचं बरं चाललंय का, एवढंच हो किंवा नाही लिही.

तब्येतीला जप.
तुझा दादा

दि. २० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू हो किंवा नाही विचारलंस, मी दोन्ही लिहिणार नाही. कामाला लागतानाच आम्ही सही करून दिली आहे की आतलं अक्षर बाहेर काढणार नाही. काढलं तर कोर्टकचेरी. त्यामुळे त्या बाबतीत माझ्या तोंडाला कुलूप, आणि तू किल्ली शोधू नकोस.

माझं मात्र सांगते. शेडमधलं काम तुला माहीतच आहे. खोल भोकातून काढलेले दगडाचे दांडके खोक्यांत ओळीनं लावायचे, धुवायचे, भिंगातून बघून चकाकणारे पापुद्रे किती ते लिहायचं. तेव्हा कोपरापर्यंत काळी व्हायची आणि महिन्याचा साबण आठवड्यात संपवायची. हल्ली हात काळे होत नाहीत. वेगळं काम मिळालंय, स्वच्छ, उभ्यानं करायचं. खोलीही बदलली आहे, नवा पत्ता खाली देते. खिडकीतून समोरची गच्ची दिसते, तिथे एक म्हातारे गृहस्थ रोज वर्तमानपत्र उलटं धरून डुलक्या काढतात. त्यांना बघून तुझी आठवण येते, रागावू नकोस.

गाळ्याचं काहीतरी होईल. तू जिवाला लावून घेऊ नकोस. चष्म्याचा नंबर तपासून घे, मागच्या पत्रातल्या ओळी डोंगर चढत होत्या. माझी काळजी नको, सगळं छान चाललंय.

वहिनीस सा. न. तुम्हा दोघांची माया अशीच राहू दे.
धाकटी

दि. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पक्की आहेस! काही सांगितलं नाहीस आणि सगळं सांगितलंस. तुझं पत्र वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. हात काळे होत नाहीत म्हणजे आमची धाकटी दगड धुण्यातून सुटली आणि साहेबीण झाली. खोली नवी, काम वरचं. कंपनी माणसांना वर चढवते म्हणजे तिचं चांगलंच चाललेलं असणार, एवढं न कळायला मी काही दूधखुळा नाही.

तर, घाबरू नकोस, मी घेतले. विमेवाल्यांनी मोबाइलवर खातं उघडून दिलं. शिलकीतली निम्मी रक्कम घातली. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाव वर गेला तेव्हा बोलली, पण एवढंच की आता विका. बायकांना धीर नसतो असं मी म्हणालो आणि आणखी दोन दिवसांची शांतता विकत घेतली.

खरं सांगू, पैशासाठी म्हणून नाही घेतले. कंपन्या पुष्कळ होत्या. पण तू ज्या दगडांना हात लावलास त्यांच्यावर पैसा लावताना मला परक्याच्या हाती देतोय असं वाटलं नाही. तुझ्या शिक्षणासाठी दोन वर्षं कोटांची कामं घेतली, त्याचं चीज झालं. जूनपर्यंत भाव असाच राहिला तर गाळा आपला.

सुखी राहा.
तुझा दादा

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्या मिळाल्या उत्तर लिहायला बसले आहे. दादा, ते शेअर विक. आजच विक. का म्हणून विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. बॅटऱ्या वाढतील, ग्रॅफाइट लागेल, विमेवाले खोटं बोलत नाहीत. पण म्हणून जो कोणी जमिनीत भोक पाडेल त्याला घबाड मिळेल असं थोडंच आहे? आपल्यासारख्यांनी यात पडू नये. गाळ्याचा पैसा गाळ्यासाठी राहू दे.

वहिनीचं ऐक. आयुष्यात एकदा तरी तिचं ऐक.

मी साहेबीण वगैरे काही झालेली नाही, उगाच लोकांना सांगत सुटू नकोस. बाकी मी छान आहे, जेवणखाण वेळेवर आहे. फक्त एवढं माझं ऐक.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी

दि. २० एप्रिल

धाकटीस,

बातमी तू वाचली असशीलच. डोंगरात ग्रॅफाइट आहे, पण दगडात इतकं विरळ की काढण्याचा खर्चही निघणार नाही, असं कंपनीनंच जाहीर केलं. शेअर कोसळले. विमेवाल्यांचेही गेले, पण त्यांचे थोडे होते. माझी सगळी शिल्लक गेली. हो, सगळी. तुझं विक म्हणणारं पत्र आलं तेव्हा मी हसलो. सही केली आहे म्हणून पोरीला असं लिहावं लागतंय, असं म्हणालो आणि उरलेली निम्मी रक्कमही घातली. तो माझा मूर्खपणा. त्याचा दोष तुझ्याकडे नाही.

पण बातमीनंतर तुझी नोकरी राहिली का या काळजीनं मी परवा न कळवता तिकडे आलो होतो. कंपनीच्या फाटकावर गेलो. शेडला कुलूप. रखवालदार म्हणाला, शेडमधल्या मुलींना डिसेंबरातच काढलं. मला वाटलं, तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. तुझ्या नव्या पत्त्यावर गेलो तर घरमालकीण म्हणाली, या वेळी ती लाँड्रीत असते.

पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिलो. काचेतून दिसलीस. पुरुषांच्या शर्टांचा ढीग आणि तू इस्त्री करत होतीस. वाळली आहेस. कुणी गिऱ्हाईक काही बोललं आणि तू हसलीस. मी आत आलो नाही. आलो असतो तर माझ्याकडे बघून सगळं छान चाललंय म्हणाली असतीस, आणि ते माझ्यानं ऐकवलं नसतं. परतीची बस धरली.

पैशासाठी मी रडत नाही. तू चार महिने अशी काढलीस आणि मी तुझ्या पत्रांत नफा शोधत बसलो, याची लाज वाटते. आणि राग येतो तो याचा, की तू मला परकं केलंस.

दादा

दि. २७ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

आता सगळं खरं लिहिते. डिसेंबरात शेड बंद झाली. दगड आम्हीच बघत होतो, भिंगातून फारसं काही दिसत नाही हे आम्हाला आधीच कळलं होतं. कामावरून काढताना पुन्हा सही घेतली आणि एक पगार हातावर ठेवला. मला वाटलं, दुसरी नोकरी लागली की मग तुला सांगीन. लागली नाही. लाँड्री लागली. काम वाईट नाही, संध्याकाळी पाय सुजतात एवढंच.

तुझं चहा पाजल्याचं पत्र आलं तेव्हा माझ्याकडे काम नव्हतं. दुकानभर मिरवून झाल्यावर तुला हे कसं कळवणार होते? फेब्रुवारीत मी दोन पत्रं लिहिली होती. एकात सगळं होतं, शेडचं, दगडांचं, लाँड्रीचं. कोर्टाची भीती वाटली नाही दादा, खरंच नाही. तुझी भीती वाटली. ते पत्र वाचून तू शेअर विकले असतेस, पण मग विमेवाल्यांना आणि त्या रस्त्यावरच्या दोघांना काय सांगितलं असतंस? ते फाडलं आणि दुसरं पाठवलं. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी तुझं दुकान घालवलं.

तू परका नाहीस. परक्याला खरं सांगायला मला काहीच वाटलं नसतं.

मी इथे छान नाही. एकटी आहे. तू काचेपलीकडे होतास आणि मी कुणा भलत्याच माणसाच्या बोलण्यावर हसत होते, हे डोक्यातून जात नाही. मला शिव्या घाल, काहीही लिही, पण एक ओळ लिही.

धाकटी

दि. १६ मे

प्रिय धाकटी,
आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे धड आहेत. यांना न सांगता लिहिते आहे.

गाळा गेला. मालक जूनपर्यंत थांबायला तयार होता, यांनीच आधी किल्ली नेऊन दिली. मशीन आता पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलंय. काम येतं थोडंफार. हे कुणाशी भांडत नाहीत, विमेवाल्यांनाही काही बोलले नाहीत. माझ्याशी फार गोड वागतात, त्याचीच मला धास्ती वाटते.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. पोस्टमननं माझ्या हातात दिलं, मी यांच्यापुढे ठेवलं. यांनी ते दोऱ्याच्या डब्याखाली सरकवलं, तिथेच आहे, पाकीट बंद. मी दोनदा म्हणाले, वाचून दाखवू का? पहिल्या वेळी मशीन चालवत राहिले. दुसऱ्या वेळी कापडावरची नजर न काढता म्हणाले, काय वाचायचं, त्यात सगळं छानच असणार.

तू काय लिहिलं आहेस ते मला माहीत नाही, आणि दुसऱ्याचं पाकीट मी फोडणार नाही. पण आणखी लिहू नकोस. लोभ आहेच, तो आता पत्रानं वाढायचा नाही. तू ये. समोर बसलेल्या माणसाचं यांना ऐकू येतं.

तुझी वहिनी