डाव्यातली

दिवाळे,
ता. ९ सप्टेंबर १९६१

चि. सौ. गंगूस,
दादाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या बाळीला दात आला हे वाचले. आता तीही तुझ्या सासूबाईंसारखी चावणार! सांभाळ.

ट्रेनिंग कॉलेजने मला पाठ पाहायला आपल्याच हायस्कुलात धाडले आहे. मागच्या बाकावर बसून वामन मास्तरांचे शिकवणे बघतो. काय माणूस आहे! काल इन्स्पेक्टर आले होते. मास्तरांनी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाचे हात वर. ज्याला उठवले त्याचे उत्तर बरोबर. आपल्या धाकट्या मैनाचाही हात वर होता, पण तिला काही उठवले नाही. पुढे माझाही पाठ बघायला परीक्षक येणार. मला असा वर्ग कधी जमेल?

तुझे मात्र याच शाळेत लक्ष नव्हते, असे बाबा अजून म्हणतात. असो. माया आहेच, ती राहू दे.
तुझा,
जयदेव

मोरा,
ता. १८ सप्टेंबर १९६१

ती. दादास,
गंगूचा शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आदी हसले, मग रडले. कालिजात जाऊन बी तू भोळाच रे. हात बघितलेस, पन कंचा हात ते नाय बघितलंस. इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिशी मास्तर सांगतात, येतं त्यानी उजवा वर करायचा, येत नाय त्यानी डावा. मग उजव्यातलीच उठवतात.

सहावीत मना येत व्हतं. पन मास्तर बोलले, तू हाय-नाय बोलतेस, तुझी बोली ऐकून साहेब हसतील, तू डावा कर. मग मी रोजचीच डाव्यातली झाले. मना कोन इचारीना. शेवटी बाबांना सांगितलं, पोरीला काय येत नाय. बाबांनी काढली नि लगीन लावलं. हे कोनाला बोलले नाय, तुलाच सांगते.

मैनाचा कंचा हात वर असतो ते बघ. ह्यांची होडी गेली का मी रातभर दाराशी बसते. बाळी तापली का मना काय कळत नाय, सासूबाईंच्या तोंडाकडं बघत बसते. मैना अजून चौदाची नाय. तिला इतक्यात ह्याच्यात घालू नका. बाबा तुझं ऐकतात. मना तुझाच आधार हाय.

बाळीकडून तुला पापा. माया करतोस तशीच कर.
तुझी,
गंगू

दिवाळे,
ता. १० डिसेंबर १९६१

चि. सौ. गंगूस,
अ. उ. आशीर्वाद.

काकी मोऱ्याला येते आहे, तिच्याबरोबर पेढे धाडतो. भरती-ओहोटीवर माझा पाठ झाला. सगळ्या वर्गाचे हात वर! परीक्षक खूष. वामन मास्तरांनी शब्द टाकला, जूनपासून मी इथेच शिकवणार. तू लिहिलेले मी कोणाला बोललो नाही, काळजी नसावी.

मैनाला पुढे झेपणार नाही, असे मास्तरांचे मत पडले. बाबांनी तुळशीरामच्या घरी तिच्या लग्नाचे बोलणे लावले आहे. मीही हो म्हटले. मी मास्तर आणि माझीच बहीण नापास, हे कसे दिसेल? ती रुसली आहे, म्हणून काकीबरोबर तिलाही धाडतो. तू समजाव.
तुझा,
जयदेव

मोरा,
ता. १७ डिसेंबर १९६१

ती. दादास,
गंगूचा न.

पेढे पोचले. मैना बी पोचली. तिनं सगळं सांगितलं.

धडा तिला पाठ व्हता. तरी आदल्या दिशी जेवताना तू तिला बोललास, तुझी बोली ऐकून परीक्षक हसतील, तू डावा कर. माझ्याच घरातली बोली, दादा. तू बी तीच बोलत मोठा झालास.

तू कोनाला बोलला नाहीस, खरं हाय. बोलला नाहीस, केलंस. मी माझं दुखनं सांगितलं, तू त्याचा धडा केलास. वामन मास्तर तरी परका व्हता.

मैना हितंच राहील. सासूबाईंना मीच इचारलं. त्या बोलल्या, राहू दे, हिच्या भाकऱ्या तुझ्यापेक्षा गोल हायेत. उद्या उरणच्या शाळेत इचारायला जाते. हे होडीवर हायेत, आल्यावर काय बोलतील देव जाने. भीती वाटते. तरी जाते. तिचा शाळेचा दाखला पाठव. नि बाबांना तूच सांग, तेवढं तरी तोंड उघड.

बाळी आता बसून खाते. काल डाव्या हातानं भाकर उचलली तर सासूबाई ओरडल्या. मना रडूच आलं. तू मामा हायेस, बघायला ये. पन तिला हात वर करायला शिकवू नको.

पत्राच्या शेवटी लोभ असावा म्हनून लिवतात. ते दाखला आल्यावर लिवीन.
गंगू