ऊन पडू दे, मग निघू

परतवाडा
२ मार्च

दादाले,

सप्रेम जयभीम.

आई बरी हाय. गुडघे दुखतात, पण तुह्यासाठी तिळाची चटणी कुटून ठेवली, आता ती अकोल्याले पाठव म्हणून माह्यामागं लागली हाय. इथली थंडी गेली, दुपारी पंखा लावा लागते. मी घरीच बसली हाय म्हटलं तरी चालते आता. तुह्या कृपेनं!

फोन तू उचलत नाही, म्हणून कागदावर लिहून राहिली.

हिमाचलच्या ट्रेकिंग कंपनीच्या मालकानं मले कामावरून काढलं. तुही तक्रार वाचून. ‘गाइड पोट्टी कच्ची होती, तिले बर्फाचा अंदाज आला नाही.’ मले अंदाज आला नाही? मले?

त्या दिवशी ट्रेकवर अंधार होता तवाच मी तुमा साऱ्याइले उठवलं होतं. म्हटलं, रात्रीचा बर्फ टणक हाय, ऊन चढायच्या आत उतार पार करू. दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होते, माणूस आत जाते. तू पांघरुणातूनच बोलला, “ऊन पडू दे, मग निघू. थंडीत असं कोण निघते बे?” सारे हसले. मी पुन्हा म्हटलं, तं तू म्हणे, “घरी मले चहा करून देते, अन् इथं मले शिकवून राहिली!”

ऊन चढल्यावर मी साफ सांगितलं, आज जायचं नाही. तं तू तुह्या दोस्ताले, गजेंद्रले, घेऊन निघूनच गेला. मी मागून पळत आली.

बुटाखाली ते रुंद स्नोशू बांधले तं माणूस बर्फावर राहते, हे मी तुले घोकून सांगितलं होतं. पण तुही चाल बदकासारखी दिसते म्हणून गजेंद्र हसला, अन् तू ते काढून पाठीवर टांगले. वा रे शहाणा!

अन् आता गावभर काय सांगून राहिला? गजेंद्र बर्फात फसला, अन् तू त्याले काढलं? दादा, फसला तू. छातीपर्यंत. तुले ओढता ओढता गजेंद्र घसरला अन् त्याचा पाय मोडला. तो बिचारा प्लास्टर घेऊन पडला हाय, पण तोंडातून एक शब्द काढत नाही. दोस्ती निभावून राहिला.

मी फावड्यानं तुले मोकळं करत होती तवा तू रडत होता. रडण्याची लाज नसते रे, मीही रडली असती. पण तू म्हणाला, “पिंके, कोणाले सांगू नोको.” मी आईलेही नाही सांगितलं. अन् मी गप हावो हे पाहूनच तू माही रोटी हिसकावली. थू तुह्या मोठेपणावर!

काल गजेंद्रची आई, दुर्गाबाई, भर रस्त्यात मले म्हणाली, “नागसेन होता म्हणून माहा पोरगा वाचला. तुह्या भरोशावर असता तं मेला असता वं!” मी मान खाली घालून उभी राहिली. तुह्यापायी. आता नाही.

चटणी मी पाठवत नाही. रविवारी ये अन् घेऊन जाय. आधी गजेंद्रच्या घरी जाऊ. दुर्गाबाईसमोर तू मालकाले फोन लावशील अन् खरं काय ते सांगशील. नाही आला, तं मीच सांगीन.

पहिल्या गाडीनं ये. ऊन पडायची वाट पाहू नोको.

तुही गाइड,
पिंकी